पाणी की पान? क्री लिपीतलं एक अक्षर संगणकावर नीट कसं उतरवायचं

क्री भाषेत 'निपिय' म्हणजे पाणी आणि 'नीपिय' म्हणजे झाडाचं पान. फरक फक्त पहिल्या अक्षराच्या ह्रस्व-दीर्घाचा. दिन आणि दीन, सुत आणि सूत यांवर शाळेत गुण गमावलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. क्री लिपीत हा दीर्घपणा एका टिंबाने दाखवतात: अक्षराच्या डोक्यावर टिंब असलं तर पान, नसलं तर पाणी.

हे टिंब संगणकात नीट गेलं आहे की नाही, हे नुसतं पडद्याकडे बघून कळत नाही. म्हणून हा लेख. क्री मजकुराशी पहिल्यांदाच गाठ पडलेल्या कुणासाठीही तो आहे, मग ते काम शब्दयादीचं असो, फॉन्टचं, ग्रंथालयाच्या नोंदीचं किंवा वेबपानाचं. मी बरीच वर्षं जुन्या मराठी फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिपींच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणण्याचं काम केलं. क्रीकडे त्यानंतर वळलो. त्यामुळे वाटेत आपल्या देवनागरीची तुलना येत राहील, आणि ती कामाला येईल म्हणूनच दिली आहे.

आपण एकच अक्षर घेऊ, दीर्घ 'नी', आणि ते शेवटपर्यंत नेऊ.

आधी लिपीची चाल समजून घ्या

क्री ही कॅनडातली भाषा. पश्चिमेला आल्बर्टापासून पूर्वेला लॅब्राडोरच्या बाजूपर्यंत तिच्या बोली पसरल्या आहेत. ही लिपी छापात आणली जेम्स इव्हान्स या मेथडिस्ट मिशनऱ्याने, १८४० साली, आजच्या मॅनिटोबामधल्या नॉर्वे हाउस इथे. चहाच्या खोक्यांतलं शिशाचं अस्तर वितळवून त्याने छपाईचे खिळे ओतले आणि काजळीत तेल मिसळून शाई केली, असं सांगतात. क्री लोकांची स्वतःची परंपरा मात्र वेगळी आहे. तिच्यानुसार ही अक्षरं कॉलिंग बॅजर या माणसाला आत्म्यांच्या जगातून मिळाली. या लिपीवर काम करताना दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात. आपण कुणाच्या तरी वारशाला हात लावतो आहोत, याची जाणीव त्यातून राहते.

इव्हान्सला लघुलिपीची आणि देवनागरीची ओळख होती आणि त्या दोन्हींचा प्रभाव या लिपीवर आहे, असं अभ्यासक मानतात. मराठी माणसाला तो चटकन जाणवतो. इथेही एकेक चिन्ह म्हणजे एकेक वर्ण नसून अख्खं अक्षर असतं, व्यंजन आणि स्वर एकत्र. फक्त आपण स्वर मात्रेने दाखवतो आणि क्री तो दिशेने दाखवते.

आपल्या 'न'च्या कुळाचा मूळ आकार म्हणजे एक छोटं वर्तुळ आणि त्याला चिकटलेली एक आडवी रेघ. वर्तुळ डावीकडे आणि रेघ वरच्या अंगाने उजवीकडे गेली की 'नि'. तीच रेघ वरून डावीकडे गेली की 'ने'. खालून उजवीकडे गेली की 'नो', खालून डावीकडे गेली की 'न'. एक आकार, चार आरसे. 'प'चं कुळ असंच, पण तिथे आकार फिरतो: टोक वर असलं तर 'पि', खाली 'पे', उजवीकडे 'पो', डावीकडे 'प'. स्वर दीर्घ असेल तर डोक्यावर टिंब.

अक्षराशेवटी उरलेल्या सुट्या व्यंजनासाठी, आपल्या पाय मोडलेल्या अक्षरासारखी, छोटी चिन्हं असतात. पश्चिमेकडच्या बोलींत ती बारीक रेघा, फुली, कडं अशी आहेत. पूर्वेकडच्या बोलींत ती मोठ्या अक्षराचीच चिमुकली, वर उचललेली रूपं आहेत. हा पूर्व-पश्चिम भेद लक्षात ठेवा. पुढे तो दोनदा आडवा येणार आहे.

पायरी १: बोली विचारा, मग अक्षर ओळखा

हातात कागद आला की पहिला प्रश्न आकाराचा नसतो. हा मजकूर कुठल्या बोलीचा, हे आधी विचारा. प्लेन्स क्री, स्वॅम्पी क्री, मूस क्री, ईस्ट क्री यांत चिन्हांच्या सवयी वेगवेगळ्या आहेत. 'व'चंच बघा. 'वे', 'वि', 'व' लिहिताना स्वराच्या त्रिकोणाशेजारी एक टिंब येतं. पश्चिमेकडे ते उजवीकडे असतं, पूर्वेकडे डावीकडे. युनिकोडने या दोहोंना स्वतंत्र अक्षर मानलं आहे आणि पश्चिमेच्या रूपाच्या नावात 'वेस्ट-क्री' असं स्पष्ट लिहिलं आहे. बोली न विचारता यादीतलं पहिलं दिसणारं 'वे' उचललंत, तर प्लेन्स क्रीच्या पानावर पूर्वेचं अक्षर जाऊन बसेल.

आपलं उदाहरण प्लेन्स क्रीचं आहे. आता अक्षराकडे तीन गोष्टींसाठी बघा: आकार कुठल्या कुळाचा, दिशा कुठली, टिंब आहे का आणि कुठे. वरचं टिंब दीर्घ स्वराचं, बाजूचं टिंब 'व'चं. आपल्या अक्षरात वर्तुळ डावीकडे, रेघ वरून उजवीकडे, डोक्यावर टिंब. म्हणजे 'नी'.

पायरी २: युनिकोडमधला क्रमांक शोधा

क्री अक्षरं युनिकोडमध्ये आली ती १९९९ साली, ३.० या आवृत्तीत. गटाचं नाव 'युनिफाइड कॅनेडियन ॲबओरिजिनल सिलॅबिक्स', आणि त्याची जागा यू+१४०० ते यू+१६७एफ. (हे क्रमांक सोळाच्या पद्धतीत असतात: ० ते ९ नंतर दहा ते पंधरासाठी रोमन ए ते एफ.) 'युनिफाइड' एवढ्यासाठी की क्रीसोबत ओजिब्वे, इनुक्टिटूट, नास्कापी, ब्लॅकफूट, कॅरियर, डेने अशा अनेक भाषांची अक्षरं इथे एकत्र आहेत. २००९ मध्ये ५.२ आवृत्तीने आणखी भर घातली, २०२१ मध्ये १४.० ने १६ अक्षरं आणली, आणि आज या लिपीची एकूण ७२६ चिन्हं आहेत.

तक्त्यात 'न'चं कुळ यू+१४सी० पासून सुरू होतं. १४सी० वर 'ने', १४सी२ वर 'नि', १४सी३ वर 'नी', १४सी४ वर 'नो', १४सी७ वर 'न', १४सी८ वर 'ना'. आपला क्रमांक मिळाला: यू+१४सी३. दशमान पद्धतीत ५३१५.

इथे देवनागरीपेक्षा एक मोठा फरक आहे आणि तो पक्का डोक्यात बसवा. आपलं 'नी' संगणकाच्या लेखी दोन तुकड्यांचं असतं: 'न' आणि त्याच्यामागून दीर्घ ईकाराची मात्रा. क्रीचं 'नी' एकसंध आहे. दिशा आणि टिंब दोन्ही त्या एकाच क्रमांकात मुरलेले आहेत. टिंब वेगळं काढता येत नाही आणि वेगळं लावायचंही नसतं.

अक्षरांची अधिकृत नावं वाचताना मात्र सावध राहा. युनिकोडमध्ये एकदा दिलेलं नाव कधीच बदलत नाही, आणि ते नाव म्हणजे वापराची हमी नव्हे. प्लेन्स क्रीत शब्दाशेवटी 'ह्क' हा जोड फार येतो, कारण तो आपल्या '-त' या प्रत्ययासारखा स्थळ दाखवतो: 'निपीह्क' म्हणजे पाण्यात. हा 'ह्क' एका छोट्या फुलीने लिहितात. त्याचा क्रमांक यू+१५४१, आणि नाव आहे 'सायिसी यी'. सायिसी हा डेने लोकांमधला एक समूह. क्री शब्दात या नावाचं अक्षर बघून नवा माणूस ते चूक समजून काढून टाकतो. काढू नका, ते बरोबर आहे.

पायरी ३: अक्षर टाइप करा

एखाददुसरं अक्षर हवं असेल तर क्रमांकावरूनच उमटवता येतं. एक सूचना सगळ्यांना लागू: मी इथे अंक आणि 'सी'सारखी रोमन अक्षरं देवनागरीत लिहिली आहेत, पण टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. देवनागरी १ आणि ४ संगणकाला या कामासाठी कळत नाहीत.

विंडोजवर वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये १४सी३ टाइप करा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा. अंक जाऊन अक्षर येतं. क्रमांकाच्या आधी जागा सोडलेली असू द्या. मागे चिकटून एखादा आकडा किंवा ए ते एफपैकी अक्षर असेल, तर तेही क्रमांकाचाच भाग धरलं जातं.

मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'युनिकोड हेक्स इनपुट' हा पर्याय जोडा, मग ऑप्शन धरून ठेवून चारही कळा दाबा. बहुतेक लिनक्सवर कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबून क्रमांक लिहा आणि एंटर करा.

पानंच्या पानं लिहायची असतील तर या वाटेने जाऊ नका. कीमॅन नावाच्या मोफत प्रणालीत क्रीचे तयार कीबोर्ड मिळतात, फोनसाठीही. 'फर्स्टव्हॉइसेस कीबोर्ड्स' हे ॲप कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या भाषांसाठीच बनलेलं आहे. काही कीबोर्ड उच्चारावर चालतात, आपल्या फोनेटिक मराठीसारखे. काहींत कळांची जागाच वेगळी असते. निवडताना कळांपेक्षा बोलीकडे बघा. पूर्वेचा कीबोर्ड घेऊन पश्चिमेचा मजकूर लिहिलात तर शब्दाशेवटचा 'न' चुकेल: पश्चिमेचा यू+१४२३, पूर्वेचा यू+१४डी०.

आणखी एक वाट म्हणजे रोमनमधून रूपांतर. प्लेन्स क्रीला एक प्रमाण रोमन लेखनपद्धती आहे, तिच्यात दीर्घ स्वरावर टोपी किंवा आडवी रेघ देतात. आल्बर्टा विद्यापीठाच्या भाषातंत्रज्ञान प्रयोगशाळेचा 'इत्वेविना' हा ऑनलाइन शब्दकोश एकच शब्द रोमनमध्येही दाखवतो आणि क्री अक्षरांतही. नवख्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी. शब्द शोधा, अक्षरांत बघा, कॉपी करा आणि त्यातला एकेक क्रमांक तपासा. एका दुपारी दहा शब्द असे उलगडलेत तर तक्ता अर्धा पाठ होतो.

पायरी ४: बाइट हाताने काढून बघा

ही पायरी बरेच जण गाळतात. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एकदा कागद-पेन्सिल घेऊन केलीत की पुढे फाइल बिघडली तर काय बिघडलं ते ओळखू येतं.

फाइलमध्ये क्रमांक तसाच लिहिला जात नाही, यूटीएफ-८ या पद्धतीने बाइटांत, म्हणजे आठ-आठ बिटांच्या (० किंवा १ अशा अंकांच्या) तुकड्यांत, मोडून लिहिला जातो. १४सी३ चा प्रत्येक अंक चार द्विमान अंकांत लिहा. १ म्हणजे ०००१. ४ म्हणजे ०१००. सी म्हणजे बारा, म्हणजे ११००. ३ म्हणजे ००११. सलग जोडलं की ०००१०१००११००००११.

आता हे सोळा अंक चार, सहा, सहा असे तोडा: ०००१, ०१००११, ००००११. पहिल्या तुकड्यापुढे १११० लावा, पुढच्या दोन्हींपुढे १० लावा. झाले तीन बाइट: १११००००१, १००१००११, १०००००११. ते परत सोळाच्या पद्धतीत लिहिले की ई१ ९३ ८३.

हेच ह्रस्व 'नि'चं करून बघा. क्रमांक १४सी२, बाइट ई१ ९३ ८२. शेवटचा बाइट १०००००१० आणि १०००००११. म्हणजे तक्त्यातल्या शेजारामुळे पाणी आणि पान यांच्यामध्ये संगणकात एका बिटाचं अंतर उरलं आहे. मी हे पहिल्यांदा कागदावर काढलं तेव्हा बराच वेळ त्या शेवटच्या अंकाकडे बघत बसलो होतो.

पूर्ण 'नीपिय' तीन अक्षरांचा: यू+१४सी३, यू+१४३१, यू+१५४०. बाइट नऊ: ई१ ९३ ८३, ई१ ९० बी१, ई१ ९५ ८०. तुलनेला आपलं एकटं 'नी' सहा बाइटांचं होतं, ई० ए४ ए८ आणि ई० ए५ ८०.

याचा रोजच्या कामात उपयोग असा. बिघडलेल्या ईमेलमध्ये मराठीच्या जागी, डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्यामागे चार टोकं फुटलेलं छोटं वर्तुळ, अशी रांगच्या रांग तुम्ही कधीतरी पाहिली असेल. ते म्हणजे ई० ए४, देवनागरीचे पहिले दोन बाइट, जुन्या पाश्चात्त्य संकेतात (अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) वाचले गेलेले. क्री बिघडते तेव्हा त्याच ए वरची रेघ उलट दिशेची, म्हणजे ॲक्यूट असते, कारण पहिला बाइट ई१ असतो. आपलं 'नी' अशा वेळी तीन चिन्हांत दिसतं: तिरकी रेघवाला ए, दुहेरी अवतरणचिन्ह, शेपटीवाला एफ. हे दिसलं तर घाबरू नका. बाइट शाबूत आहेत, फाइल यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडा.

चौकोनी डबे दिसले तरी मजकूर शाबूत असतो, फक्त फॉन्ट नसतो. प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र हात थांबवा आणि फाइल जतन करू नका. ज्या संकेतात क्रीला जागाच नाही, अशा संकेतात कुणीतरी ती उतरवली आहे, आणि त्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर परत मिळत नाही. जुनी प्रत शोधावी लागते.

पायरी ५: दिसतं तेच आत आहे का, ते तपासा

एका शब्दयादीच्या कामात माझ्याकडे तीनेकशे क्री शब्दांचा तक्ता आला होता. त्यात 'पान' समोर दिसत होतं. टिंब होतं, आकार बरोबर होता. शोध घेतला तर 'सापडत नाही'. शब्दातल्या पहिल्या अक्षरामागे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं. १४सी३ यायला हवं होतं, आलं ०३०७. म्हणजे ज्याने टाइप केलं त्याने ह्रस्व 'नि' लिहून त्याच्या डोक्यावर सर्वसाधारण जोडटिंब, यू+०३०७, चढवलं होतं. डोळ्यांना 'नी', संगणकाला 'नि' आणि एक टिंब.

कुणाला वाटेल, युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची प्रक्रिया, केलं की दोन्ही एक होतील. होत नाहीत. क्री अक्षरांना घटकांत मोडण्याचा नियमच युनिकोडने ठेवलेला नाही, त्यामुळे ही दोन रूपं संगणकासाठी कायमची परकी. हे आपल्याला नवं नाही. मराठीतलं 'ॲ' यू+०९७२ या एका क्रमांकाने लिहिता येतं, आणि 'अ' लिहून त्यावर चंद्राची मात्रा चढवूनही. दिसायला एकच, पण 'ॲप' शोधलं की अर्धे निकाल हरवतात. त्याचं कारण हेच.

म्हणून तपासणीचे नेहमीचे सापळे इथे सांगतो.

जोडटिंब: वर सांगितलं तेच. मजकुरात यू+०३०७ कुठेही सापडला तर त्याच्या आधीचं अक्षर आणि तो, या दोघांच्या जागी एकसंध दीर्घ अक्षर घाला.

'व'चं सुटं टिंब: यू+१४२७ हे मधल्या उंचीवरचं टिंब स्वतंत्र अक्षर म्हणूनही आहे. 'क्व'सारखं अक्षर काही जण एकसंध लिहितात, काही जण 'क' आणि मागून हे टिंब असं लिहितात. हीसुद्धा दोन वेगळी रूपं. एका संग्रहात एकच पद्धत ठेवा, शक्यतो एकसंध.

रोमन सोंगं: क्रीचं 'पे' रोमन व्ही सारखं दिसतं, 'ते' यू सारखं, 'कि' पी सारखं, 'को' लहान डी सारखं, 'क' लहान बी सारखं, 'चो' जे सारखं, 'म' एल सारखं. 'प' आणि 'पो' तर गणितातल्या लहान-मोठ्याच्या चिन्हांसारखे. कीबोर्ड नसलेल्या माणसाने घाईत रोमन अक्षरांनी शब्द सजवलेले मी पाहिले आहेत. त्याची अडचण खरी असते, रागावून उपयोग नाही. पण असा शब्द शब्दकोशात सापडत नाही, आणि संगणक तो मोठ्याने वाचायला गेला तर इंग्रजी मुळाक्षरं वाचतो.

फुल्या आणि अधिकचिन्हं: 'ह्क'ची फुली यू+१५४१. पूर्णविरामही छोट्या फुलीचाच असतो, यू+१६६ई. ख्रिस्ताच्या नावासाठी वापरलं जाणारं फुलीचं चिन्ह यू+१६६डी. शिवाय रोमन एक्स आहेच. वाक्य 'पाण्यात' या शब्दाने संपलं तर दोन फुल्या शेजारी येतात आणि दोन्हींचे क्रमांक वेगळे असायला हवेत. शब्दाशेवटच्या 'य'साठी अधिकचिन्हासारखं छोटं चिन्ह आहे. यू+१५४० वर 'वेस्ट-क्री वाय' या नावाने, आणि तसंच दिसणारं दुसरं यू+१४२९ वर. मी पहिलं घेतो, कारण नावातच हेतू लिहिलेला आहे. ज्यांच्यासाठी काम करता त्यांची पद्धत दुसरी असेल तर ती पाळा, पण दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

आडवी रेघ: शब्दाशेवटचा 'च' एका आखूड आडव्या रेघेने लिहितात. तो आणि नेहमीचं संयोगचिन्ह यांची गल्लत होऊ नये म्हणून क्रीचं स्वतःचं, दुहेरी रेघेचं संयोगचिन्ह यू+१४०० वर दिलं आहे.

तपासणी हाताने करायची नसेल तर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली चार ओळींची आज्ञावली पुरते. मजकुरातलं प्रत्येक अक्षर घ्या, त्याचा क्रमांक आणि युनिकोडमधलं नाव छापा. ज्या नावात 'कॅनेडियन सिलॅबिक्स' हे शब्द नाहीत ते लाल रंगात दाखवा. जागा, अंक आणि तुम्हाला ठाऊक असलेली विरामचिन्हं सोडून जे लाल उरेल, ते सगळं तपासायचं.

त्या शब्दयादीत पुढे माझ्याकडून एक चूक झाली. जोडटिंबं दुरुस्त करण्याच्या ओघात, टिंब नसलेले काही शब्दही मी 'विसरले असतील' असं समजून दीर्घ केले. यादी परत गेली तेव्हा क्री बोलणाऱ्या एका बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे त्यांनी पाणी लिहिलं होतं, मी त्याचं पान केलं होतं. खरं तर अनेक क्री लेखक टिंबं देतच नाहीत. वाचणारा संदर्भावरून दीर्घ कुठे ते ओळखतो, आणि बिनटिंबाचं लेखन ही जुनी, रुळलेली रीत आहे. तेव्हापासून माझा नियम असा की टिंब चुकीच्या क्रमांकाने लिहिलं असेल तर दुरुस्त करायचं, लिहिलंच नसेल तर स्वतःहून द्यायचं नाही. विचारायचं.

पायरी ६: फॉन्ट

इथे फार अडायला होत नाही. विंडोजसोबत गाडुगी येतो, युफेमिया वेगळा जोडून घेता येतो; मॅकसोबत युफेमियाचंच एक रूप येतं. गूगलचा 'नोटो सॅन्स कॅनेडियन ॲबओरिजिनल' मोफत आहे, वेबपानासाठी तोच घ्या. क्री लिपीत जोडाक्षरं नाहीत, ह्रस्व इकारासारखी मागे उडी मारणारी मात्रा नाही, लहान-मोठी लिपी नाही. अक्षरं डावीकडून उजवीकडे एकामागून एक बसतात, त्यामुळे देवनागरीचा चुराडा करणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येही क्री बहुधा सुखरूप दिसते. फक्त छपाईला देण्याआधी 'नि' आणि 'नी' शेजारी ठेवून, ज्या आकारात छापायचं त्याच आकारात बघा. बारीक टाइपात टिंब रेघेला चिकटून गेलं तर सगळी मेहनत वाया.

पायरी ७: साठवण आणि वेबपान

फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यादीतला 'यूटीएफ-८' असं नाव असलेलाच प्रकार निवडा. वेबपानात अक्षर थेट लिहिणं उत्तम. तसं जमत नसेल तर अँपरसँड, हॅश, ५३१५ आणि अर्धविराम, जागा न सोडता.

मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये जुना 'यूटीएफ८' प्रकार अक्षरामागे तीन बाइटच देतो. आपल्या 'नी'ला ते पुरतात आणि म्हणून सगळं ठीक वाटतं. पण २०२१ मध्ये आलेली १६ अक्षरं यू+११एबी० पासून पुढे आहेत, त्यांना चार बाइट लागतात. सुरुवातीलाच चार बाइटांचा, 'यूटीएफ८एमबी४' हा प्रकार निवडा.

पानाला भाषेची खूण द्यायला विसरू नका. क्रीची सर्वसाधारण खूण 'सीआर', प्लेन्स क्रीची 'सीआरके', स्वॅम्पीची 'सीएसडब्ल्यू', मूसची 'सीआरएम'. लिपीची खूण 'कॅन्स'. प्लेन्स क्रीचा अक्षरांतला मजकूर असेल तर 'सीआरके-कॅन्स'. त्यामुळे तोच मजकूर रोमनमध्येही दिला असेल तर दोन्ही वेगळे ओळखता येतात.

जुन्या फॉन्टातला मजकूर हातात आला तर

श्रीलिपी किंवा कृतीदेव ज्यांनी हाताळलं आहे त्यांना हे घरचंच काम. युनिकोडच्या आधी क्रीसाठीही असे फॉन्ट होते, ज्यांत आत रोमन अक्षरांचे क्रमांक असायचे आणि वर क्रीचे आकार. फॉन्ट बदलला की मजकुराची रोमन खिचडी दिसते. सगळ्यात आधी फॉन्टचं नेमकं नाव मिळवा, कारण प्रत्येकाचा नकाशा वेगळा. मग छापील प्रत शेजारी ठेवून एकेक कळ आणि एकेक अक्षर असा तक्ता करा. अशा फॉन्टांत टिंब ही वेगळी कळ असू शकते, तेव्हा रूपांतरात 'अक्षर आणि टिंब' ही जोडी आधी बदला, सुटं अक्षर नंतर. क्रम उलटा केलात तर सगळी पानं पाणी होतील. मूळ फाइलला हात लावू नका, तिची प्रत घेऊनच काम करा.

अक्षर तक्त्यातच नसेल तर

असं होतं. २०२१ च्या १६ अक्षरांपैकी १२ नत्तिलिक या इनुक्टिटूट बोलीची होती. बोली जिवंत, बोलणारे लोक जिवंत, आणि तरी तोवर त्यांना आपली भाषा संगणकावर पूर्ण लिहिता येत नव्हती. उरलेली ४ म्हणजे इव्हान्सच्या मूळ तक्त्यातलं 'स्प'चं कुळ, जे क्रीने पुढे सोडून दिलं. १८४० च्या सुमाराचं छापील पान जसंच्या तसं उतरवायचं असेल तर ती लागतात. तेव्हा तक्त्यात एखादा आकार दिसला नाही तर जवळपास दिसणारं दुसरं अक्षर दडपून बसवू नका. पानाचा स्पष्ट फोटो काढा, शब्द आणि अर्थ नोंदवा, ते कुठल्या समाजाचं लेखन आहे ते लिहा आणि त्या समाजातल्या जाणकारांना दाखवा. युनिकोडकडे जाणारा प्रस्ताव अशाच पुराव्यांवर उभा राहतो, आणि तो त्यांच्या संमतीने जायला हवा.

काम सोपवण्याआधी

फाइलसोबत एक छोटी टीप जोडा: बोली कुठली, टिंबं दिली आहेत की नाहीत, शेवटच्या 'य'साठी कुठला क्रमांक घेतला, 'व'चं टिंब एकसंध की सुटं. पुढच्या माणसाचे चार दिवस वाचतात. मग मजकूर क्री वाचणाऱ्या व्यक्तीकडे पाठवा आणि मोठ्याने वाचायची विनंती करा. डोळे ओळखीच्या शब्दावरून घसरतात, जीभ घसरत नाही. त्या बाईंनी माझी चूक पकडली तीही वाचता वाचताच. 'नी'शी येऊन त्या थांबल्या, ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि म्हणाल्या, इथे प्यायचं आहे, पान नाही.